ओलं पोट, दुधाळ डोळा: एका पाणसापाचं प्रकरण

कापडी पिशवी तपासणीच्या टेबलावर ठेवली आणि गाठ सोडायच्या आधीच वास आला. साचलेल्या डबक्याचा, त्यात सडक्या मासळीची झाक. पिशवीतून निघाली ती पूर्ण वाढलेली पाणदिवड, मादी. वजन ३१० ग्रॅम, लांबी साधारण ८५ सेंटिमीटर, शेपटी निम्मीच. मासेमारीच्या जाळ्यात अडकून शेपटी गेली होती, पाठीच्या कण्यालाही मार बसला होता. त्यामुळे तिला परत निसर्गात सोडता आलं नव्हतं आणि ती जखमी प्राण्यांच्या एका निवाऱ्यात राहत होती. पाणदिवड, म्हणजेच विरोळा, बिनविषारी पण स्वभावाने तिखट. हात लावला की मान चपटी करते आणि चावल्याशिवाय सोडत नाही. ही चावली नाही. ओल्या दोरीसारखी हातावर लोंबत राहिली. तिच्या डोळ्यापेक्षा मला या निमूटपणाची धास्ती जास्त वाटली.

तिला सांभाळणारा मुलगा मन लावून काम करणारा. म्हणाला, "मॅडम, डावा डोळा पांढरा झाला तेव्हा वाटलं, कात आलीय. म्हणून हात लावला नाही. पण तीन आठवडे झाले, कात काही पडेना. खाणंही सोडलंय."

"आणि पोट कधीपासून असं आहे?"

"पोटाला काय झालंय?"

टाकीतल्या सापाची आपल्याला दिसते ती पाठ. पोट पाहायचं तर उचलून उलटं धरावं लागतं, आणि चावऱ्या सापाला कारणाशिवाय कोण उचलतो? पाणसापांचे त्वचारोग उशिरा लक्षात येतात ते यामुळे. माझ्याकडे आलेल्या बहुतेक पाणसापांची तक्रार डोळ्याची किंवा न खाण्याची असते. पोटाची तक्रार घेऊन क्वचितच कुणी येतं.

पोटावर काय होतं

शरीराच्या मध्यापासून गुदद्वारापर्यंत पोटावरच्या आडव्या खवल्यांवर फोड होते, मसुरीच्या दाण्याएवढे. काही पाण्याने टच्च भरलेले, काही फुटलेले. फुटलेल्या फोडांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या आणि तिथले खवले उचलले गेले होते. एक खवला चिमट्याने जरा वर केला तर खाली लालभडक, ओलं मांस.

न फुटलेल्या एका फोडातलं पाणी सुईने काढून काचपट्टीवर घेतलं. ते नितळ होतं, जवळजवळ पेशी नाहीत, जंतू नाहीत. फुटलेल्या जागेचा नमुना रंगवून पाहिला तर पांढऱ्या पेशींची गर्दी आणि ग्रॅम-निगेटिव्ह दंडगोल जंतू. या दोन काचपट्ट्या शेजारी ठेवल्या की रोगाचा क्रम समजतो. सुरुवातीला फोडात जंतू नसतात. सतत ओलीत राहिल्याने त्वचेचा वरचा थर सुटतो आणि त्याखाली पाणी साचतं. मग फोड फुटतो, खालची कातडी उघडी पडते आणि टाकीतल्या पाण्यातले जंतू आत शिरतात. पुढे ते रक्तात उतरले की साप वाचवणं कठीण.

म्हणून याला नुसता 'जंतुसंसर्ग' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. जंतू इथे दुसऱ्या नंबरावर आहेत. पहिल्या नंबरावर आहे ओल.

असे फोड आणि खपल्या दिसल्या की बुरशीचा विचारही करावाच लागतो. ओफिडिओमायसीस ओफिडिकोला नावाची बुरशी सापांच्या त्वचेवर जाड पिवळसर खपल्या, गाठी आणि चेहऱ्यावर सूज आणते. अमेरिका आणि युरोपातल्या जंगली सापांमध्ये ती सापडली आहे आणि पाणसापही तिला बळी पडतात. तिचे उपचार वेगळे, लांबलचक, आणि इतर सापांना लागण होण्याचा धोका मोठा. म्हणून फुटलेल्या फोडाच्या कडेचा छोटा तुकडा बायोप्सीला आणि एक स्वॅब पीसीआरला, म्हणजे जनुकीय तपासणीला पाठवला. दोन्हींत बुरशी निघाली नाही. पण अहवाल हातात येईपर्यंत तिला बाकीच्या सापांपासून वेगळ्या खोलीत ठेवलं, तिचे चिमटे आणि भांडी वेगळी केली. त्यात ढिलाई नको.

माइट, म्हणजे गोचिडीच्या जातीचे बारीक किडेही पाहिले. सापाच्या माइटचं शास्त्रीय नावच ओफिओनिसस नॅट्रिसिस, म्हणजे पाणसापांच्या नॅट्रिक्स या वंशावरून पडलेलं. तो डोळ्याच्या कडेच्या खाचेत आणि हनुवटीखाली लपतो, रक्त पितो आणि जंतू एका सापाकडून दुसऱ्याकडे नेतो. पांढऱ्या कागदावर पाणदिवडीला पाच मिनिटं ठेवलं, ओल्या कापसाने डोळ्यांची कड पुसली. काळे ठिपके दिसले नाहीत. एक शक्यता वगळली.

टाकीची हकिगत

मुलाने फोनवरचे फोटो दाखवले आणि अर्धं निदान तिथेच झालं. टाकी मोठी, स्वच्छ काचेची, वर जाळीचं झाकण. तीन चतुर्थांश भाग पाण्याने भरलेला. मध्ये एक दगड पाण्याबाहेर डोकावणारा, शेवाळलेला, कायम ओला. ऊब देणारा दिवा नाही. मासे त्याच पाण्यात सोडायचे, त्यातच ती शी करायची, आणि आठवड्यातून एकदा थोडं पाणी काढून नवीन ओतलं जायचं.

"मॅडम, पाण्यातला साप आहे ना, म्हणून पाणी जास्त ठेवलं."

"अरे, बेडकालासुद्धा काठ लागतो."

तो गप्प झाला आणि मला बोलल्याचं वाईट वाटलं, कारण त्याने हयगय केलेली नव्हती. त्याने तिला भरभरून पाणी दिलं होतं, तिच्या सोयीचं म्हणून. चूक त्या कल्पनेत आहे. पाणसाप पाण्यात शिकार करतो, पाण्यात पळतो, पण दिवसाचा मोठा वेळ काठावर, फांदीवर, उन्हाने तापलेल्या दगडावर अंग वाळवत घालवतो. ऊन आणि वारा लागून त्याचं पोट रोज कोरडं होतं. आपण त्याला टाकीत आणतो तेव्हा पाणी देतो आणि काठ विसरतो.

मलमाचं मात्र मला बोलावंच लागलं. खाणं सोडल्यावर कुणाच्या तरी सांगण्यावरून पाठीच्या एका डागावर माणसांचं खाजेचं मलम चार दिवस लावलं होतं. नळीवर घटक वाचले: बुरशीनाशकासोबत तीव्र स्टिरॉइड. स्टिरॉइडने लाली कमी दिसते आणि आत संसर्गाला मोकळं रान मिळतं. आणखी एकाने सल्ला दिला होता की डोळ्यावरची कात चिकटपट्टी लावून ओढून काढ. मुलाचा हात धजावला नाही. तो धजावला नाही म्हणून तिचा डोळा आज जागेवर आहे.

डोळा, आणि त्याआधी तोंड

सापाला हलणाऱ्या पापण्या नसतात. गर्भातच पापण्या एकमेकींना जुळतात आणि डोळ्यावर एक पारदर्शक खवला तयार होतो, घड्याळाच्या काचेसारखा. ही काच आणि खरा डोळा यांच्यामध्ये अगदी अरुंद पोकळी असते, तिच्यात अश्रू खेळतात आणि एका बारीक नळीने तोंडात, टाळूच्या पुढच्या भागात उतरतात. कात टाकताना या काचेचा वरचा थर कातीबरोबर निघतो.

कात जवळ आली की डोळे निळसर दुधाळ होतात, दोन्ही एकदम, आणि कात पडायच्या काही दिवस आधी पुन्हा स्वच्छ होतात. एकच डोळा दुधाळ असेल, किंवा दुधाळपणा पंधरा दिवसांवर गेला असेल, तर ती कात नव्हे. कातीचा जुना थर अडकला असेल तर काच सुरकुतलेली, कोरडी, पापुद्र्यासारखी दिसते आणि कड उठलेली असते. हिचा डोळा गुळगुळीत होता, काचेवर एकही सुरकुती नाही, पण तो उजव्यापेक्षा फुगलेला होता आणि रंग मलईसारखा. बाजूने बारीक प्रकाशझोत टाकला तेव्हा दिसलं की पांढरेपणा काचेत नाही, काचेच्या मागे आहे. काचेआडच्या पोकळीत पू साचला होता.

आणि पू तिथे साचला की जाणकार आधी तोंड उघडून पाहतो. नाकाच्या टोकावरचा खवला घासून खरवडला गेला होता. डाव्या वरच्या हिरडीवर लाल ठिपके, त्यावर चोथ्यासारखा पांढरा थर, आणि तो थर अश्रुनळीच्या तोंडापर्यंत गेलेला. आता सगळं एका ओळीत बसलं. कोरडी जागा शोधत ती रात्रभर झाकणाच्या जाळीवर नाक घासत असणार. मुलाला विचारलं तर म्हणाला, "हो, जाळीला नाक लावून फिरायची. मला वाटलं, भूक लागलीय." नाकाला जखम, जखमेतून हिरडीला संसर्ग, हिरडीवरून अश्रुनळीतून वर चढत डोळ्यात. पोट आणि डोळा हे दोन रोग नव्हतेच. ओल्या टाकीने पोट कुजवलं आणि त्याच टाकीतून निसटायच्या धडपडीत डोळा बिघडला.

पोटाचा आणि तोंडाचा नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला गेला. दोन्हींत एरोमोनास हायड्रोफिला वाढला. हा जंतू गोड्या पाण्यात जागोजागी असतो. निरोगी त्वचेला तो काही करत नाही. कल्चरसोबत औषधांची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कुठलं औषध या जंतूवर चालेल याची तपासणी मागवली होती, तीही सोयीची आली.

आधी ऊब, मग सुई

पहिल्या दिवशी डोळ्याला हात लावला नाही. साप स्वतः उष्णता तयार करत नाही. अंग थंड असेल तर त्याच्या पांढऱ्या पेशी मंद, पचन मंद, औषधाचा निचराही मंद. थंड सापाला इंजेक्शन देणं म्हणजे विझलेल्या चुलीवर भांडं ठेवणं. तिला एका प्लास्टिकच्या पेटीत ठेवलं: एका टोकाला ३० अंश, दुसऱ्या टोकाला २५, खाली पांढरा टिश्यू, दोन्ही टोकांना लपायला जागा. पेटीत पाण्याचं भांडं नाही.

मुलगा घाबरला. "पाणी नाही?"

पाणी होतं, पण वेळ लावून. पाणसापाची कातडी पाणी लवकर गमावते, त्याला पूर्ण कोरडं ठेवलं तर तो सुकतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून दिवसातून दोनदा २० मिनिटं, २८ अंशांच्या स्वच्छ पाण्यात, अंगाच्या निम्म्या उंचीइतकंच पाणी. ती त्यात प्यायची. मग मऊ कापडाने टिपून परत कोरड्या पेटीत. शिवाय पहिले तीन दिवस रोज सुमारे साडेचार मिलिलिटर कोमट सलाइन त्वचेखाली, दोन-तीन ठिकाणी वाटून.

नमुने घेऊन झाल्यावर त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू केलं. सेफ्टाझिडिम निवडलं, दर किलोला २० मिलीग्रॅम, दर ७२ तासांनी. तीन दिवसांतून एकदा हे ऐकून लोक साशंक होतात, पण सापाच्या शरीरातून हे औषध फार हळू जातं, आणि चावऱ्या, अशक्त जिवाला रोज टोचण्यापेक्षा हे दोघांनाही बरं. एन्रोफ्लॉक्सॅसिन स्वस्त आणि सवयीचं, पण त्याचं इंजेक्शन सापाला दुखतं आणि टोचलेली जागा मरून खपली धरते. आधीच फाटलेल्या कातडीवर ते मला नको होतं. अमिकॅसिन प्रभावी आहे, पण सुकलेल्या सापाच्या मूत्रपिंडाला घातक. सुई नेहमी शरीराच्या पुढच्या तिसऱ्या भागात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडातून फिरू शकतं. डावी-उजवी बाजू आलटून पालटून.

मात्रा किती लहान असते ते सांगते, कारण इथेच घात होतो. ३१० ग्रॅमला ६.२ मिलीग्रॅम. एका मिलिलिटरमध्ये ५० मिलीग्रॅम असं पातळ केलं तर ०.१२ मिलिलिटर, म्हणजे १०० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर १२ युनिट. इन्सुलिनच्या ४० युनिटच्या सिरिंजाही मिळतात, आणि तिच्यावर १२ युनिट मोजले तर अडीच पट औषध जातं. मी मुलाला एकाच प्रकारच्या सिरिंजा दिल्या, प्रत्येकीत एक मात्रा भरून गोठवून ठेवली, वर तारीख लिहिली. वितळलेली पुन्हा गोठवायची नाही, हे दोनदा सांगितलं.

पोटाला रोज एकदा पातळ पोविडोन आयोडीन, फिक्या चहाच्या रंगाचं, कापसाने लावून पाच मिनिटांनी धुवायचं. मग टिपून कोरडं, आणि उघड्या जखमांवर एक टक्का सिल्व्हर सल्फाडायझिनचा पातळ थर. न फुटलेले फोड फोडायचे नाहीत. ती वरची कातडी हीच सध्या तिची पट्टी. औषधी पाण्यात सापाला बुडवून ठेवायचं नाही, तो ते पितो.

तिसऱ्या दिवसाची सकाळ

काच शाबूत असताना वरून डोळ्यात थेंब टाकणं जवळपास वाया जातं. औषध काचेपलीकडे पुरेसं पोहोचत नाही. आणि सापाचा पू आपल्या पुवासारखा वाहत नाही. त्याच्या पांढऱ्या पेशींकडे पू पातळ करणारी विकरं नसतात, म्हणून पुवाचा घट्ट गोळा होतो. तो आपोआप वाहून जाणार नाही, काढावाच लागतो.

भूल शिरेतून दिली, मग श्वासनळीत बारीक नळी घालून आयसोफ्लुरेन या भुलीच्या वायूवर ठेवलं. सापाचं श्वासद्वार जिभेमागेच, तोंड उघडलं की समोर दिसतं, त्यामुळे नळी घालणं सोपं असतं. मास्कवर मात्र तो श्वास रोखून धरतो.

भिंगाखाली, काचेच्या खालच्या कडेला, घड्याळाच्या सहाच्या जागी, पाचरीसारखा ३० अंशांचा तुकडा कापून काढला. तुकडा तांदळाच्या कणीपेक्षाही लहान. पूर्ण काच काढली तर खालचा डोळा उघडा पडून सुकतो आणि कायमचा जातो, म्हणून इतकंच. त्या फटीतून पांढरा गोळा डोकावला. सलाइनने भिजवलेल्या बारीक कापसाने तो हळूच पुढे ओढला तर अख्खा निघाला, मऊ मेणाच्या पातळ चकतीसारखा. मग सुई काढलेली मऊ कॅन्युला फटीत ठेवून कोमट सलाइनने धुतलं. पहिल्या वेळी सगळं पाणी फटीतूनच परत आलं. दुसऱ्या वेळी जरा दाब ठेवला आणि सहायकाने तोंड उघडून धरलं होतं, ती एकदम म्हणाली, "आलं, आलं!" टाळूवर सलाइनचा थेंब चमकत होता. अश्रुनळी मोकळी झाली होती. मला इतका आनंद झाला की दोन क्षण मी नुसती त्या थेंबाकडे पाहत राहिले.

व्रण असेल तर तो दाखवणारा फ्लुरेसिनचा रंग टाकून पाहिला. खरा डोळा शाबूत, व्रण नाही. तो फुटलेला असता तर डोळाच काढावा लागला असता. एका डोळ्यावरही साप चांगला जगतो, जिभेने आणि गंधाने त्याचं बरंच भागतं, पण वाचणारा डोळा वाचवायचाच. हिरडीवरचा चोथा पुसून घेतला, वेदनाशामक दिलं. डोळ्याच्या फटीत ऑफ्लॉक्सॅसिनचे थेंब दिवसातून तीनदा, आणि मधल्या वेळात कृत्रिम अश्रूंचं जेल. थेंबांत स्टिरॉइड नसल्याची खात्री केली. क्लोरहेक्सिडिन डोळ्याच्या आसपासही येऊ द्यायचं नाही, ते बुबुळाला जाळतं. तोंडाची जखमही त्यामुळे नुसत्या सलाइनने धुतली.

नवव्या दिवशी, आणि तेराव्या

नवव्या दिवशी फट पुवाच्या खपलीने बुजली आणि डोळा पुन्हा धूसर दिसू लागला. ही माझी चूक. फट रोज धुवून मोकळी ठेवायला हवी होती, मी थेंबांवर विसंबले. पुन्हा थोडी भूल, पुन्हा सलाइन, बारीकसा गोळा निघाला. त्यानंतर आठ दिवस रोज कॅन्युलाने धुतलं, भूल न देता. तोवर तिच्यात इतकं बळ आलं होतं की तिने माझ्या अंगठ्यावर चार दातांचे ठिपके उमटवले. हात साबणाने धुतले, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांसोबत साल्मोनेला येऊ शकतो, आणि मुलाला सांगितलं, "आता ही बरी होणार."

तेराव्या दिवशी मुलाचा फोन. "मॅडम, आता दोन्ही डोळे पांढरे झाले!" आवाज रडवेला. फोटो पाहिला: दोन्ही डोळे निळसर, अंगाचा रंगही मळका. ही खरी कात होती. त्वचा जखमी झाली की साप कात लवकर लवकर टाकतो, खराब झालेली कातडी उतरवायचा तो त्याचा मार्ग. पण इथे पेच होता. फोडांना कोरडं हवं आणि कातीला ओलावा हवा. पूर्ण पेटी ओली केली असती तर पोट पुन्हा सुटलं असतं. म्हणून एका टोकाला झाकणाची डबी ठेवली, आत पिळून घेतलेलं शेवाळ. तिला हवं तेव्हा तिने आत जावं, हवं तेव्हा कोरड्यात यावं. निर्णय तिचा. ती रात्री आत, दिवसा बाहेर राहिली.

एकोणिसाव्या दिवशी कात पडली, चार तुकड्यांत. पोटावरचा एक पट्टा चिकटून राहिला. मुलाला ओढू दिला नाही. ओल्या टॉवेलच्या दोन घड्यांमधून तिला स्वतःच सरपटू दिलं, दुसऱ्या फेरीत पट्टा टॉवेलमध्येच राहिला. खाली नवे खवले होते, वेडेवाकडे, पण कोरडे. उजव्या डोळ्याची टोपी, म्हणजे काचेचा जुना थर, कातीसोबत निघाली. डाव्या डोळ्याची निघाली नाही, फटीच्या कडेला फाटून अर्धी राहिली. तिला हात लावला नाही. पुढच्या कातीपर्यंत थांबायचं ठरलं.

बाविसाव्या दिवशी सेफ्टाझिडिमची आठवी, शेवटची मात्रा.

खाणं

वजन चौदाव्या दिवशी २९४ ग्रॅमपर्यंत उतरलं होतं. जबरदस्तीने भरवलं नाही. तोंडात जखम असताना घशात नळी घालणं मला जिवावर येतं, आणि जिवंत राहण्याइतका साठा तिच्यात होता. सव्विसाव्या दिवशी चिमट्यात धरलेला मासा तिने हिसकावून घेतला.

मासा कुठला, हे इथे महत्त्वाचं. गोल्डफिशसह कार्प कुळातल्या अनेक माशांत थायमिनेज हे विकर असतं. ते ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं, आणि गोठवून ठेवलेल्या माशांत मोडणं चालूच राहतं. महिनोन् महिने तेच खाणाऱ्या पाणसापाला झटके येतात, मान वाकडी होते, उलटा पडला तर सरळ होता येत नाही. असे मासे द्यायचेच असतील तर ८० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून मग थंड करून द्यावेत. आम्ही माशांचे प्रकार बदलत राहिलो आणि माशाचा वास लावलेली उंदराची पिल्लंही मधूनमधून दिली. अ-जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मात्र मी दिलं नाही. डोळा बिघडला की ते देण्याची पद्धत कासवांच्या उपचारांतून आली आहे. अख्खी शिकार खाणाऱ्या सापाला त्याची कमतरता सहसा पडत नाही, आणि जास्त झालं तर कातडी सोलून निघते.

जेवण वेगळ्या रिकाम्या टबात. राहत्या पाण्यात यापुढे एकही मासा सोडायचा नाही.

काठ

नवी टाकी मुलानेच बांधली. जमिनीचा भाग दोन तृतीयांश, पाणी एक तृतीयांश, तेही उचलून ओतता येईल अशा टबात. घाण दिसली की लगेच, एरवी एक दिवसाआड अख्खं पाणी बदलायचं. गाळणी लावू का, असं त्याने विचारलं. लाव, पण गाळणीने पाणी स्वच्छ दिसतं, शी त्यातच विरघळलेली राहते, म्हणून बदलणं चुकवू नको, असं सांगितलं. दिव्याखाली सपाट कोरडा दगड, पृष्ठभाग ३१ ते ३२ अंश, गार टोक २४. दिव्यावर पिंजरा, नाहीतर भाजतं. झाकणाची जाळी बारीक आणि गुळगुळीत, नाक घासलं तरी सोलवटू नये अशी. लपायच्या दोन जागा, दोन्ही कोरड्या भागात, कारण भित्रा साप आडोशापायी ओलीतही बसून राहतो.

ओल तपासायची सोपी रीत तिथे शिकवली. ती दगडावर तासभर बसून उठली की त्या जागी कोरडा टिश्यू दाबायचा. ओला ठसा उठला तर हवा खेळती नाही, दिवा कमी आहे किंवा दगड पाण्याला फार जवळ आहे. पहिल्या आठवड्यात ठसे उठत होते. दगड हातभर मागे घेतला, झाकणाची एक बाजू पूर्ण जाळीची केली, मग ठसे थांबले. आणि आठवड्यातून एकदा काचेच्या पारदर्शक डब्यात तिला घेऊन खालून पोट बघायचं. उचलायला नको, चावून घ्यायला नको. हे त्याने स्वतः शोधून काढलं आणि मी आता सगळ्यांना सांगते.

सहाव्या आठवड्यात वजन ३२४ ग्रॅम. पोटावर पाच-सहा खवल्यांना कायमचे व्रण राहिले, त्याला इलाज नाही. डाव्या बाजूने चिमटा हलवला तर जीभ बाहेर येऊन मान वळायची, पण थोडी उशिरा.

दहाव्या आठवड्यात मुलगा स्वतः आला. साप आणला नव्हता. कागदात गुंडाळलेली कात आणली होती, अख्खी, उलटी निघालेली, शेपटीच्या तुटक्या टोकापर्यंत. ती त्याने खिडकीपाशी उजेडात धरली आणि डोक्याचा भाग बोटांवर ताणून दाखवला. उजव्या डोळ्याची टोपी होती. डाव्याचीही होती, गोल, पातळ, पारदर्शक, खालच्या कडेला नखाच्या कोरीएवढी धूसर रेघ सोडली तर कुठेही फाटलेली नाही.